चारशे ग्रॅम

कोयाइके, जुलै. सकाळचे नऊ वाजले
आणि दिवस उजाडायचं नाव घेत नाही.
खाली दरीत धूर ठाण मांडून बसलाय,
बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा,
शहर त्याच्या बुडाखाली.

माझं काम सरळ आहे:
जुनी चूल काढायची, नवी बसवायची, तीन फोटो.
एक, जुनी जागेवर असताना.
एक, नवी पेटल्यावर.
तिसरा अंगणात, जुनी घणाने फोडल्यावर,
म्हणजे ती पुन्हा कुणाच्या घरी नांदायला जायची नाही.
सरकार पैसे देतं,
पण फुटलेलं पाहिल्याशिवाय देत नाही.

एर्सिलिया ओहेदाबाईंचं घर वरच्या गल्लीत,
यादीत सत्तेचाळिसावं.
"सहा वर्षं अर्ज करतेय," म्हणाल्या,
"तेवढ्यात नवरा गेला. नाव बदलायला परत एक अर्ज."
आतल्या खोलीत वाफेचं यंत्र घुरघुरत होतं,
मुलीच्या तोंडावर मास्क,
मास्कवरून माझ्या बुटांकडे पाहणारे डोळे.

चूल काळी, ओतीव, वरती कड्यांत कड्या,
ओव्हनचं दार एका बिजागरीवर.
"या दारावर सप्टेंबरात गारठलेली कोकरं ठेवायचो,
पोत्यात गुंडाळून. बहुतेक उठायची.
न उठलेली मोजायची नाहीत, सासरे म्हणायचे."
अर्जात चुलीचं वय विचारलंय.
मी अंदाजाने पस्तीस लिहिलं.
वजन घरातच केलं: त्र्याण्णव किलो सहाशे.

नवी सडपातळ, काचेची,
लाकडाच्या गोळ्या खाणारी, बटणांनी बोलणारी,
माथा उतरता.
बाईंनी किटली हातात घेऊन
तिच्याभोवती दोन फेऱ्या घातल्या.
"आणि ही कुठं ठेवू?"
प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.
विजेची शेगडी घ्या, म्हणालो.
"वीज गेली तर?"
"वीज गेली तर हीसुद्धा जाते, बाई."
त्या हसल्या. मग नाही हसल्या.

मी घण उचलला तेव्हा दारातूनच म्हणाल्या,
"ती सगळ्यात आतली कडी,
लहानशी, तेवढी राहू द्या ना."
मी काही बोललो नाही.
कडी काढली, त्यांच्या अॅप्रनच्या खिशात टाकली,
खिसा एका बाजूला ओढला गेला.
मग घाव घातला.
ओतीव लोखंड एकदाच ठप्प म्हणतं.
फोटो नीट आला.

भंगाराच्या काट्यावर चारशे ग्रॅम कमी.
काट्यावरचा पोरगा माझ्याकडे बघतो,
मी गाडीकडे बघतो.
डॅशबोर्डच्या खणात वडिलांच्या घोडीचा नाल होता,
घोडी गेली, वडीलही, नाल हिंडत होता माझ्यासोबत.
तो वर टाकला.
काटा जुळला, शिक्का पडला.

ऑगस्टात राख काढायला परत गेलो.
टेबलावर कडी, कडीवर किटली.
वाफेचं यंत्र कपाटावर, वायर गुंडाळलेली.
बाई कुरकुरत होत्या: गोळ्यांची पोती महाग,
यंत्र रात्री पिक्‌ पिक्‌ करतं,
ओले मोजे वाळत कुठं घालू?
कुरकुरत कडू येर्बाचा पेला पुढे केला.
खिडकीतून समोरचा डोंगर दिसत होता,
वरचा अर्धा.

माझी जमीन मामाच्या नावावर,
मामा अर्जेंटिनात, कागद कुणाला ठाऊक कुठं.
कागद नाही तर अनुदान नाही.
घरोघरी लोखंडी चुली,
माझी अजून ओल्या लाकडावर चाललीय.
रात्री रेडिओ सांगतो:
आज इशारा लागू, धुराची चूल पेटवू नका.
आवाज बाईचा आहे, समजूतदार.
मी तिचं बोलणं पूर्ण होऊ देतो,
पडदा ओढतो,
आणि काडी ओढतो.